२४ फुटी शिडाच्या बोटीवर नांगरासाठी क्लीट आणि रोलर बसवताना

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे. आपण मुंबईत एक जुनी जे-२४, म्हणजे २४ फुटी शर्यतीची शिडाची बोट, विकत घेतली आहे. आजवर ती शर्यतीत पळाली आणि उरलेला वेळ मुअरिंगच्या बोयाला बांधलेली राहिली. आता ऑक्टोबर ते मे या हंगामात तिच्यातून मांडवा, मुरूड आणि जमल्यास जयगडपर्यंत जावे, आणि रात्री नांगर टाकून बोटीवरच मुक्काम करावा, अशी आपली इच्छा आहे. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, सध्या दोन बोल्टांवर बसवलेली एक चार इंची क्लीट, म्हणजे दोर बांधायची दोन शिंगांची खुंटी, आहे आणि रोलर, म्हणजे नांगराचा दोर ज्यावरून बाहेर जातो ते चाक, नाही. फॅब्रिकेटरने मोठी स्टेनलेस क्लीट ‘जाड स्क्रू मारून पक्की करून देतो’ असे सांगितले आहे. क्लीट कोणती घ्यावी, रोलर कसा असावा आणि सीलंट (फटीतून पाणी शिरू न देणारा लेप) कोणता वापरावा, हे आपण विचारले आहे.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत, पण माझ्या मते कामाचा क्रम उलटा हवा. आधी डेकच्या खाली शिरून वरचा डेक कशाचा आहे, किती जाड आहे आणि ओला आहे की कोरडा, हे पाहावे, आणि वस्तू त्यानंतर विकत घ्यावी. क्लीट उखडल्याच्या बहुतेक घटनांत क्लीट शाबूत असते, बोल्टही शाबूत असतात, आणि त्यांच्यासोबत डेकचा तुकडा निघून आलेला असतो. हिशेबही तेच सांगतो. ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचा ८ मिमीचा एक बोल्ट तुटायला अडीच हजार किलोच्या आसपास ताण लागतो. चार बोल्ट तोडण्याइतका ताण आपल्या बोटीवर कधीच येणार नाही. त्या बोल्टाखालच्या साध्या वॉशरचा व्यास मात्र १६ मिमी असतो. चार वॉशर मिळून डेकच्या खालच्या थरावर जेमतेम सहा चौरस सेंटिमीटर जागा दाबून धरतात. त्याच जागी २५ बाय १० सेंटिमीटरची बॅकिंग प्लेट, म्हणजे डेकखालून आधार देणारी पट्टी, बसवली, तर तोच ताण अडीचशे चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे चाळीस पटींहून अधिक जागेवर पसरतो. स्क्रूला तर खालून काही आधारच नसतो. तो फायबरच्या दोन-तीन मिलिमीटर थरात आणि त्याखालच्या मऊ लाकडात आटे रुतवून बसतो. म्हणून आपल्या फॅब्रिकेटरची सूचना नम्रपणे नाकारावी.

ताण किती धरावा, याचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकेतील एबीवायसी या बोटींची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा तक्ता बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. त्यात २५ फुटांच्या बोटीला ३० नॉट (तासाला ३० सागरी मैल) वाऱ्यात सुमारे ४९० पौंड आणि ४२ नॉट वाऱ्यात सुमारे ९८० पौंड आडवा ताण धरला आहे. हा तक्ता वाचताना लांबी आणि रुंदी यांपैकी जी मोठ्या ओळीत जाईल ती ओळ घ्यायची असते, आणि इथेच अनेकांची गफलत होते. जे-२४ ची लांबी ७.३२ मीटर असली तरी रुंदी २.७२ मीटर, म्हणजे जवळपास नऊ फूट आहे, त्यामुळे ती ३० फुटांच्या ओळीत जाते. तिथले आकडे ७०० आणि १,४०० पौंड आहेत, म्हणजे साधारण ३२० आणि ६३५ किलो. मी आपल्या बोटीसाठी ६५० किलो हा पायाभूत आकडा धरीन, आणि दोर झटका खाऊन ताणला जातो तेव्हासाठी त्याच्या दुप्पट ताण सोसेल असे काम करीन. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताण चौपट होतो. त्यामुळे दुपारच्या १५ नॉटमध्ये सारे काही ठीक चालले, यावरून रात्रीच्या वादळी झोताबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता जागा. भोक पाडण्याआधी एक पातळ सुतळी आणि चिकटपट्टी घेऊन नाळेवर बसा. रोलर जिथे येणार असे वाटते तिथून सुतळी क्लीटच्या प्रस्तावित जागेपर्यंत ताणा आणि दुसरे टोक बोटीच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्या. त्याला आधी सरळ पुढे, मग उजवीकडे, मग डावीकडे साठ अंशांपर्यंत जायला सांगा आणि प्रत्येक वेळी सुतळी जमिनीच्या दिशेने खाली ओढायला लावा. सुतळी फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेच्या) फिटिंगला, पुलपिटच्या (नाळेवरच्या कठड्याच्या) पायाला किंवा डेकच्या कडेला कुठे घासते, ते बारकाईने पाहा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा. फिन कीलच्या, म्हणजे तळाला परासारखे वजनदार पाते असलेल्या, हलक्या बोटी नांगरावर स्वस्थ उभ्या राहत नाहीत, त्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सतत झुलत असतात. त्यामुळे दोर सरळ पुढे असण्याचा काळ फार थोडा आणि तिरका असण्याचा काळ बराच असतो. सुतळी ज्या ज्या जागी घासली, त्या त्या जागी दोर पहाटेपर्यंत हजारो वेळा घासणार आहे, हे लक्षात ठेवून जागा पक्की करावी.

आपल्या बोटीवर मी मधोमध एक क्लीट ठेवण्याऐवजी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लीट बसवीन. एकीवर नांगराचा दोर राहतो आणि दुसरी राखीव दोरासाठी किंवा शेजारी लागलेल्या बोटीसाठी मोकळी राहते. क्लीट दोराच्या ओढीच्या रेषेत तंतोतंत सरळ न ठेवता दहा-पंधरा अंशांनी तिरकी ठेवावी, म्हणजे पहिला वेढा स्वतःवरच चढून आवळला जात नाही आणि ताणाखालीही दोर सोडवता येतो. आकाराचा जुना ठोकताळा असा की, दोराच्या व्यासाच्या प्रत्येक एक-षोडशांश इंचामागे क्लीटची लांबी एक इंच हवी. १२ मिमी म्हणजे जवळजवळ अर्धा इंच दोर असेल तर आठ इंची क्लीट लागेल. चार बोल्टांचीच घ्यावी; बैठक जितकी लांब-रुंद तितकी चांगली. क्लीटवर दोर डेकपासून साधारण चार सेंटिमीटर उंचीवर ओढतो आणि पुढच्या-मागच्या बोल्टांमधले अंतर समजा आठ सेंटिमीटर आहे, तर ६५० किलोच्या ओढीला मागचे दोन बोल्ट मिळून सुमारे ३२५ किलोने वर उपटले जातात. ओढ आडवी असली तरी बोल्टावर उभा ताण येतो, आणि स्क्रू निकामी ठरतो तो नेमका याच कारणाने. शर्यती चालूच ठेवायच्या असतील तर एक अडचण राहील: टॅक करताना, म्हणजे वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळताना, जिबची (पुढच्या शिडाची) शीट, म्हणजे ओढदोरी, क्लीटच्या शिंगात अडकते. त्यावर शर्यतीच्या दिवशी दोन्ही शिंगांच्या टोकांमधून एक रबरी दोरी ताणून बांधणे एवढाच साधा उपाय आहे. दाबून डेकमध्ये लपणाऱ्या क्लीट दिसायला सुबक असतात, पण त्यांच्या खाचेतून पाणी गळते आणि शिंगे आखूड असतात, म्हणून नांगरासाठी मी त्या वापरत नाही.

जे-२४ चा डेक हा दोन फायबर थरांमध्ये बाल्सा लाकूड घातलेला सँडविच आहे. बाल्सा हलका आणि दाबाला चांगला असतो, पण पाणी लागले की कुजतो, आणि जुन्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपलेले असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने नाळेचा सारा भाग ठोकून पाहा: टणक, वरच्या पट्टीतला आवाज आला तर बरे, बसका, बोदा आवाज आला की त्याभोवती खूण करून ठेवा. खात्री करण्यासाठी, जिथे पुढे बॅकिंग प्लेट येणारच आहे अशा जागी, डेकच्या खालून फक्त खालचा थर आणि लाकूड भेदेल इतके चार मिमीचे भोक पाडा. ड्रिलबरोबर पिवळसर, कोरडा, भुरभुरीत भुसा आला तर काम सोपे आहे. काळपट, ओलसर लगदा आला तर खालचा थर चौकोनी कापून, कुजलेले लाकूड पार खरवडून, तिथे इपॉक्सी आणि काचकापडाचे भरीव थर द्यावे लागतील. हे काम डोक्यावर हात करून करायचे असल्याने एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त थर चढवू नका, ते लोंबतात. हा सारा खटाटोप टाळून त्याच ओल्या डेकवर नवी क्लीट बसवणे म्हणजे पैसे समुद्रात टाकणे आहे.

लाकूड कोरडे असेल तर प्रत्येक बोल्टाची जागा अशी तयार करावी. क्लीट जागेवर ठेवून आधी एकच भोक पाडा, त्यात तात्पुरता बोल्ट अडकवा आणि मगच बाकीच्या तीन जागा आखा. चारही भोके एकदम आखली की हमखास एक चुकते. मग वरून १२ मिमीच्या ड्रिलने वरचा थर आणि लाकूड भेदा, खालचा थर शाबूत ठेवा. काटकोनात वाकवलेला, टोक धारदार केलेला खिळा ड्रिलमध्ये धरून भोकाच्या आत हळूहळू फिरवला की, दोन थरांमधले लाकूड भोकाभोवती सेंटिमीटरभर खरवडले जाते. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. आधी पातळ इपॉक्सी ओतून लाकडाच्या उघड्या कडा पिऊ द्या, आणि ती चिकट असतानाच कोलॉइडल सिलिका ही अतिबारीक भुकटी घालून घट्ट केलेली इपॉक्सी सिरिंजने तळापासून वरपर्यंत भरा. वरून भरली तर तळाशी हवा अडकते. पूर्ण कडक झाल्यावर त्याच केंद्रातून ८ मिमीचे भोक आरपार पाडा. आता बोल्टाभोवती लाकूड नाही, भरीव इपॉक्सीची खुंटी आहे. बोल्ट कितीही आवळला तरी डेक दबणार नाही, आणि पुढे कधी सीलंट गळलाच तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. संपूर्ण कामात या एका टप्प्यावर घाई करू नका, असा माझा आग्रह आहे.

मुंबईच्या हवेत इपॉक्सीची काही पथ्ये आहेत. बोटी बहुधा मेअखेर पाण्याबाहेर येतात आणि पावसाळा उलटल्यावर परत उतरतात, त्यामुळे असली कामे जून-जुलैतल्या रिकाम्या दिवसांवर ढकलण्याचा मोह होतो. त्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, पुढचा थर त्यावर धरत नाही, आणि ताडपत्रीखाली कितीही झाकले तरी उघडे पाडलेले बाल्सा ओलावा ओढून घेते. शक्य असेल तर हे काम मेच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात, उन्हे सरळ झाल्यावर करावे. मेच्या उन्हात संथ हार्डनर वापरावा, सकाळी लवकर काम करावे आणि मिश्रण थोडे थोडे करावे; कपभर मिश्रण एकदम केले तर ते भांड्यातच तापून धूर सोडते. दोन थरांमध्ये पृष्ठभाग साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन, सुकवून, खरवडून घ्यावा. नाळेखालच्या बंकवर उताणे पडून फायबर घासताना चांगला मास्क, चष्मा आणि लांब बाह्यांचा सदरा लागतोच. शिवाय पुढचे हॅच उघडे ठेवून पंखा लावावा.

बॅकिंग प्लेटसाठी मी विजेच्या पॅनेलमध्ये वापरली जाणारी ग्लास इपॉक्सी शीट वापरतो, जिला एफआर-४ म्हणतात. विद्युत-रोधक सामान विकणाऱ्यांकडे ती कापून मिळते, कुजत नाही, गंजत नाही आणि कार्बाईड पात्याने कापता येते. आपल्या क्लीटला ८ मिमी जाड आणि २५ बाय १० सेंटिमीटरची पट्टी पुरेल; कडा आणि कोपरे गोल करावेत, कारण ताणाखाली टोकदार कोपरा डेकच्या आतल्या थरात रुततो. प्लायवूड स्वस्त आहे, पण पाच-सहा पावसाळ्यांत ते मऊ पडते आणि तोवर कोणी खाली डोकावलेले नसते. ॲल्युमिनियम चालते, मात्र स्टेनलेस बोल्टाशी त्याचा खाऱ्या हवेत संबंध आला की पांढरी पूड धरू लागते. डेकची खालची बाजू कधीच सपाट नसते. सपाट प्लेट नुसती आवळली तर ती दोन-चार उंचवट्यांवरच टेकते आणि सारा ताण त्यांच्यावर येतो. म्हणून प्लेटच्या वरच्या बाजूला घट्ट इपॉक्सीचा जाड थर लावून, बोल्टांना मेण चोपडून, ती हलक्या हाताने आवळावी आणि कडेने बाहेर आलेली इपॉक्सी बोटाने गोलसर पुसून घ्यावी. इपॉक्सी कडक झाल्यावर प्लेट डेकचाच भाग होते; मेण लावलेले बोल्ट मग काढून घेता येतात.

बोल्टांबद्दल बाजारात बरीच फसगत होते. मुंबईच्या नागदेवी बाजाराच्या गल्ल्यांत स्टेनलेस म्हणून जे सर्रास मिळते ते बहुतेक ३०४, आणि काही वेळा त्याहूनही हलके असते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यात छिद्रे पडून गंजण्याला ते त्यामुळेच अधिक टिकते. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, पण चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांत फरक कळत नाही. बोल्टाच्या डोक्यावर ए४ असे कोरलेले असेल तर तो ३१६ गटातला, ए२ असेल तर ३०४ गटातला. कोरीव खूण नसेल तर मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून पाहावा. त्याच्या लहान बाटल्या मिळतात आणि एक बाटली अनेक वर्षे पुरते. स्टेनलेसचे नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून जागीच जाम होतात, म्हणून आट्यांना ग्रीस लावून हळू फिरवावे. ड्रिलला सॉकेट लावून नट पळवू नये.

सीलंटमध्ये क्लीट आणि रोलर यांसाठी माझी पसंती ब्युटाईल टेपला आहे. सिलिकॉन डेकवर अजिबात वापरू नये: ते काही वर्षांत सुटते, आणि त्याचा जो अदृश्य थर राहतो त्यावर पुढे दुसरे काहीच चिकटत नाही. पॉलियुरेथेन उत्तम चिकटते, पण इतके की पुढे क्लीट काढायची वेळ आली तर जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराचे, पोपडे निघतात. टेप वापरताना वरच्या भोकाची कड काउंटरसिंकने थोडी खोलगट करावी, बोल्टाच्या डोक्याखाली टेपचा बारीक वळ गुंडाळावा आणि क्लीटच्या बैठकीखाली सलग थर द्यावा. नंतर वरून एकाने बोल्टाचे डोके स्थिर धरावे आणि खालून दुसऱ्याने फक्त नट फिरवावा. बोल्ट फिरला की त्या खोलगट जागेत बसलेली सीलंटची कडी तुटते. एका दिवसात पूर्ण आवळू नये. थोडे आवळून सोडावे, दुसऱ्या दिवशी उन्हात टेप मऊ झाली की पुन्हा थोडे, असे तीन-चार वेळा करावे. कडेने बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाकावी. पहिल्या काही आठवड्यांत ती आणखी थोडी बाहेर येईल, त्याने घाबरू नये.

रोलरचा प्रश्न आपल्या बोटीवर जरा नाजूक आहे, कारण नाळेच्या अगदी टोकावर फोरस्टेची फिटिंग असते. त्या फिटिंगचे बोल्ट काढून त्यांतच रोलर अडकवण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारू नका. डोलकाठी ज्यावर उभी आहे त्या बोल्टांना रात्रभर नांगराचे हिसके द्यायचे नसतात. रोलर मध्यरेषेपासून आठ-दहा सेंटिमीटर बाजूला घेऊन वेगळ्या बोल्टांवर बसवावा. तो डेकच्या कडेपुढे जितका बाहेर निघेल तितका नांगर बोटीच्या अंगापासून दूर राहतो, पण तितकीच तरफही वाढते. समजा रोलर कडेपासून २० सेंटिमीटर पुढे आहे, नांगर उपसताना दोर उभा आहे आणि लाटेवर नाळ उचलली गेल्याने ३०० किलोची खालच्या दिशेने ओढ आली. सर्वांत मागचे बोल्ट कडेपासून ३० सेंटिमीटर मागे असतील तर त्यांच्यावर वर उपटणारा ताण २०० किलो येईल. तेच बोल्ट फक्त १० सेंटिमीटर मागे असतील तर ६०० किलो येईल. बाजारातले बहुतेक तयार रोलर आखूड बुडाचे असतात, म्हणून मी ते टाळतो आणि लांब बैठकीचा करून घेतो. पुढे २०, मागे ३० सेंटिमीटर, पत्रा किमान ४ मिमीचा, आणि खाली क्लीटसारखीच बॅकिंग प्लेट.

फॅब्रिकेटरकडून रोलर आला की तो सुंदर चमकत असतो, पण त्याच्या दोन्ही गालांच्या, म्हणजे चाकाच्या बाजूच्या पत्र्यांच्या, पुढच्या कडांवरून अंगठा फिरवून पाहा. लेझरने किंवा कटरने कापलेली कड नखाला लागते. बोट झुलताना दोर रोलरवरून सरकून याच कडेवर येतो आणि नायलॉनचे तंतू एकेक करून कापले जातात. दोन्ही गाल पुढे बाहेरच्या बाजूला फुललेले असावेत आणि त्यांच्या कडेवर १० मिमीची गोल सळई वेल्ड करून पॉलिश करून घ्यावी. गाल पुरेसे उंच हवेत आणि वरून आडवी पिन हवी, नाहीतर लाटेत नाळ बुडून वर येताना दोर रोलरबाहेर उडी मारतो आणि थेट पुलपिटच्या पायावर जाऊन बसतो. रोलरचे चाक नायलॉनऐवजी एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचे खरादून घ्यावे. नायलॉन पाणी शोषून फुगते आणि पिनवर अडकते. चाकाला साखळीसाठी मध्ये खाच ठेवावी.

या साऱ्या मोजमापांचा आधार दोर आहे, म्हणून त्याबद्दल थोडे. १२ मिमीचा तीन पेडी नायलॉन घ्यावा. ससून डॉकच्या आसपास मासेमारीसाठी जो दोर स्वस्तात मिळतो तो बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो तरंगतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि नायलॉनसारखा ताणला जात नाही. नायलॉनचा ताणला जाण्याचा गुणच क्लीटला झटक्यांपासून वाचवतो. दोराच्या पुढे ८ मिमीची गॅल्व्हनाइज्ड साखळी आठ-दहा मीटर असावी. मुंबई बंदराच्या परिसरातल्या मऊ चिखलाला रुंद पात्यांचा डॅनफोर्थसारखा नांगर सहा-सात किलोचा पुरतो. लांबीचा हिशेब ओहोटीवर करू नये. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरपर्यंत चढू शकते: ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, त्यावर साडेचार मीटर भरती आणि नाळेची उंची एक मीटर धरली, तर साडेआठ मीटर होतात, आणि त्याच्या सातपट म्हणजे साठ मीटर दोर सोडावा लागतो. जे-२४ चे सगळे मिळून वजन १,४०० किलोच्या आसपास आहे, त्यामुळे नांगर, साखळी आणि ओला दोर कायम नाळेत ठेवला तर ती लाटेत नाक खुपसू लागते. प्रवासात हे सारे टबमध्ये भरून डोलकाठीजवळ, बांधून ठेवावे आणि मुक्कामाला पोहोचण्याआधी पुढे न्यावे.

कोकण किनाऱ्यावर हंगामात दुपारी वायव्येचा खारा वारा असतो आणि उत्तररात्री जमिनीवरून मतलई सुटतो. खाडीत त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह मिसळतो. बोट संध्याकाळी ज्या दिशेला तोंड करून उभी होती त्याच्या उलट दिशेला ती पहाटे असते. मधल्या वेळात वारा आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध असतील तर दोर सैल पडून बोटीखाली जातो आणि कीलला वेढा घालतो. अशा वेळी दोर रोलरमधून मागच्या बाजूला वळलेला असतो, म्हणून सुतळीची चाचणी मागच्या दिशेनेही करून पाहायला हवी होती. ती राहिली असेल तर भोके पाडण्याआधी करून घ्या. दोर रोलरवरून जातो तिथे जुन्या फायर-होजचा अर्धा मीटर तुकडा ओवून ठेवावा आणि तो दोन्ही टोकांना दोराला शिवून बांधावा. साधा प्लॅस्टिक पाइप वापरू नये, त्यात घर्षणाची उष्णता कोंडते आणि नायलॉन आतून खराब होतो. वादळी रात्रीसाठी एक राखीव दोर रोलिंग हिच या गाठीने मुख्य दोराला बांधून दुसऱ्या क्लीटवर घ्यावा, आणि डोलकाठी डेकमधून खाली तळापर्यंत जात असेल तर त्याचे शेवटचे टोक तिच्या बुंध्याला गुंडाळावे.

दोराचे आतले टोक कशाला बांधले आहे, हे फार कमी लोक पाहतात. दोर वेगाने सुटू लागला आणि टोक मोकळे असेल तर नांगर, साखळी आणि दोर तिन्ही तळाला जातात. नाळेच्या आत एका भरीव जागी यू-बोल्ट, त्यालाही बॅकिंग प्लेट लावून, बसवावा आणि टोक त्याला शॅकलने (पिन लावायच्या धातूच्या कडीने) नव्हे, तर पातळ दोरीने बांधावे. ही दोरी डेकवर येईल इतकी लांब हवी. कधी नांगर सोडून पळायची वेळ आली तर ती सुरीने एका झटक्यात कापता येते, गंजलेली शॅकल अंधारात उघडत नाही.

विंडलासबद्दलही, म्हणजे नांगर ओढून घेणाऱ्या चरखीबद्दलही, आपण सहज विचारले होते. सात किलोच्या नांगराला आणि या आकाराच्या बोटीला त्याची गरज नाही. पैसे बॅकिंग प्लेटवर घालवावेत. मागच्या बाजूला दुसरा नांगर टाकण्यासाठी वेगळा रोलर नको, तिथल्या सध्याच्या क्लीट चार बोल्टांवर आणि प्लेटवर बसवून घेतल्या तरी पुरे आहे.

काम झाल्यावर इंजिन उलटे चालवून नांगर ओढून पाहणे चांगलेच आहे, पण त्याने नांगर रुतला की नाही एवढेच कळते. लहान आउटबोर्डचा जोर पन्नास-साठ किलोंच्या पुढे जात नाही आणि फिटिंगची त्यात परीक्षा होत नाही. फिटिंगची खरी तपासणी पहिल्या जोरदार वाऱ्याच्या रात्रीनंतर करायची असते. सकाळी बॅटरी घेऊन बंकवर पडा, प्लेटभोवतीच्या इपॉक्सीच्या गोल कडेला केसासारखी चीर गेली आहे का पाहा, आणि वर क्लीटच्या कोपऱ्यांपासून जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा फुटल्या आहेत का तेही पाहा. नटांखाली तपकिरी ओघळ दिसला तर पाणी आत येत आहे असे समजावे. महिनाभराने नट पुन्हा एकदा आवळावेत. पुढच्या मेमध्ये बोट वर आली की प्रत्येक क्लीटचा एक बोल्ट पूर्ण काढून त्याचा मधला भाग पाहावा: तो चकचकीत असेल तर टेपचा नवा वळ देऊन परत बसवावा, आणि त्यावर खड्डे किंवा गंजाचे डाग असतील तर बाकीचे तीनही बोल्ट बदलूनच बोट पाण्यात उतरवावी.